मी नाही येत, तुम्ही जा

हे वाक्य कधी ऐकलं नाही असं घर मला दाखवा. सहलीचं ठरत असतं, कुणाकडे जेवायला बोलावलेलं असतं, बाजारात जायचं असतं, आणि घरातली एक बाई पदराला हात पुसत म्हणते, "मी नाही येत, तुम्ही जा." त्यात राग नसतो. आवाज उलट नेहमीपेक्षा मऊ असतो. पण ते म्हणून झाल्यावर घरातल्या कुणालाच सुखानं जाता येत नाही.

मी ते किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशेब नाही. माहेरी, बेळगावकडं, माझी आई म्हणायची. लग्न होऊन बडोद्याला आले तर इथं सासूबाई म्हणायच्या. आपण त्याला त्याग म्हणतो. जैन घरात वाढलेल्या बाईला हा शब्द फार जवळचा. पर्युषण आलं की कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी मीठ, कुणी एक वेळचं जेवण. सोडणं चांगलं, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. म्हणून 'मी नाही येत' हेही आपण डोळे मिटून त्याच खात्यात जमा करतो. ते खरंच त्या खात्यातलं आहे का, हा प्रश्न मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पडला, आणि तोही अहमदाबादच्या दोन दिवसांच्या सहलीचं गणित मांडताना.

त्याचं असं झालं. मुलगा आणि सून पुण्याला असतात. डिसेंबरात आठ दिवस येणार होते, सात वर्षांच्या नातीला घेऊन. मुलाचा फोन आला, "आई, या वेळी शनिवार-रविवार सगळे मिळून कुठंतरी जाऊ. आजीलासुद्धा घेऊन." सगळे म्हणजे सहा जण, चार पिढ्या. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, त्यामुळे लांबचं गाव नको. अहमदाबाद शंभरेक किलोमीटर, दोन तासांत पोचतो. शिवाय आम्ही बडोदेकर त्या शहराकडे पाहुणे म्हणून कधी बघतच नाही. लग्नाला जायचं, विमानतळावर जायचं, परत यायचं. जिथं १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली, ज्याला लोक पूर्वेचं मँचेस्टर म्हणायचे, जिथल्या गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या आणि ज्याची जुनी पोळांची वस्ती २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, ते शहर आमच्या दाराशी असून आम्ही नीट बघितलेलं नव्हतं.

मी वही घेऊन बसले. सून कापडाच्या डिझाइनचं काम करते, तिला शाहीबागेतलं कॅलिको म्युझियम बघायचं होतं. १९४९ मध्ये गौतम साराभाई आणि त्यांची बहीण गिरा यांनी उभं केलेलं. पण तिथं आधी नाव नोंदवावं लागतं, मोजकीच माणसं घेतात आणि लहान मुलांना नेता येत नाही. मुलाला सकाळचा हेरिटेज वॉक करायचा होता. तो काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांतून चालत जामा मशिदीशी संपतो. दोन तासांची पायपीट, म्हणजे गुडघ्यांचं काय? ह्यांना साबरमती आश्रमात निवांत बसायचं होतं. नातीला कांकरियाची छोटी आगगाडी. आणि मी वहीत माझ्या नावापुढे काहीच लिहिलं नव्हतं. मनात होतं ते माणेक चौक. दिवसा सराफांची पेढी असलेला तो चौक रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरतो, हे मी तीस वर्षं नुसतं ऐकत आले होते. पण साठीला टेकलेली बाई रात्री चौकात उभं राहून खायचं म्हणते, हे वहीत कसं लिहायचं?

मग सासूबाईंच्या अटी आल्या. सकाळी देवदर्शन झाल्याशिवाय त्या तोंडात पाणी घालत नाहीत, म्हणजे उतरायची जागा दिगंबर मंदिराच्या जवळ हवी. पाणी गाळून उकळलेलं. कंदमूळ नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणजे साडेपाचला पानावर बसायला हवं, मग त्या वेळी आपण कुठंही असू. चतुर्दशीचा दिवस नको. जिने नकोत, आणि सुनेला तर पोळातल्या एका जुन्या हवेलीत राहायचं होतं, जिथले लाकडी जिने शिडीसारखे उभे.

या अटी मी जेवणाच्या टेबलाशी एकेक करून वाचत होते आणि दर अटीला कुणाचं तरी काहीतरी वहीतून खोडलं जात होतं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझं कशाला एवढं? मी नाही येत, तुम्ही जा."

झालं. मुलगा म्हणाला, "तू नाही तर काय मजा?" पण त्याच्या सुरात थोडी सुटका होती, ती मला कळली आणि त्यांनाही कळली असणार. हे म्हणाले, "मग आईपाशी कोण थांबणार?" मी म्हटलं, "मी थांबते. मला काही विशेष बघायचं नाहीच." हे बोलताना माझाही आवाज तसाच मऊ झाला. सून म्हणाली, "तुम्ही दोघी नाही तर आम्ही तरी कसं जायचं? राहू दे." ह्यांनी पेपर उघडला, नात रडायला लागली. दहा मिनिटांत चार माणसांनी त्याग केला होता आणि घरात एकही माणूस सुखी नव्हतं. त्याग सुखाचा असायला हवा असं नाही, पण चार-चार त्याग एकत्र येऊन एका मुलीला रडवतात, तर कुठंतरी चुकतंय.

त्या रात्री झोप लागेना. सहलीसाठी म्हणून अहमदाबादवर काहीबाही वाचायला काढून ठेवलं होतं, तेच वाचत बसले. आणि त्या शहराच्या इतिहासात मला आमचंच जेवणाचं टेबल सापडलं.

गोष्ट १९१८ ची. गिरणीमालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूनं उभी त्यांची थोरली सख्खी बहीण अनसूया. घराणं जैन. आईबाप लहानपणीच गेलेले. अनसूयाबेनचं लग्न बालपणी झालं, टिकलं नाही. धाकट्या भावानंच तिला पाठबळ दिलं आणि १९१२ मध्ये ती इंग्लंडला शिकायला गेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण त्यात प्राण्यांची चिरफाड करावी लागते हे कळल्यावर, आपल्या धर्मात ते बसत नाही म्हणून तिनं तो अभ्यासक्रम सोडला. परत आल्यावर एकदा तिनं गिरणीतून घरी निघालेल्या थकल्या बायका बघितल्या आणि विचारलं, तर त्या छत्तीस तास सलग काम करून येत होत्या. तिथून तिचं आयुष्य बदललं. मजूर तिला मोटाबेन म्हणायचे.

प्लेग ओसरल्यावर मालकांनी प्लेगचा बोनस बंद केला. महागाई तर वाढलेली. मजुरांनी पन्नास टक्के वाढ मागितली होती. गांधीजींनी त्यांना पस्तीस टक्क्यांवर आणलं. मालक वीसच्या वर जाईनात. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली. रोज साबरमतीच्या काठी बाभळीखाली सभा भरे. दिवस गेले तसे मजूर ढासळू लागले. कुणीतरी म्हणालं, गांधी आणि अनसूयाबेनना काय, ते मोटारीतून येतात, चांगलंचुंगलं खातात, उपाशी आम्ही मरतोय. हे कानावर आलं आणि १५ मार्चला गांधीजींनी उपास जाहीर केला. तिसऱ्या दिवशी तडजोड झाली.

इथपर्यंत आपण शाळेत शिकलेलो असतो. पुढचं शिकलेलो नसतो. त्या उपासात दोष होता हे गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. उपास होता मजुरांना त्यांच्या शपथेवर टिकवण्यासाठी. पण अंबालाल आणि इतर मालक हे त्यांच्या स्नेहातले लोक. हा माणूस आपल्यामुळे उपाशी आहे, हे त्यांना सोसणारं नव्हतं. ते पटून नमले नाहीत, प्रेमापोटी नमले. म्हणजे उपासाचं दडपण झालं. गांधीजींना हे दिसत होतं आणि ते त्यांना बोचत होतं.

मी पुस्तक मिटलं आणि सासूबाईंच्या खोलीकडं बघितलं. मग स्वतःकडं बघितलं.

आपल्या शास्त्रात तीन शल्यं सांगितली आहेत, माया, मिथ्यात्व आणि निदान. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. तत्त्वार्थसूत्रात व्रती कोणाला म्हणावं हे सांगताना, ज्याच्यात शल्य नाही त्याला, असं म्हटलेलं आहे. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं होतं, अर्थ त्या रात्री लागला. माया म्हणजे मनात एक, ओठावर एक. निदान म्हणजे तप करायचं आणि त्याच्या बदल्यात पुढे काहीतरी मिळावं अशी इच्छा धरून बसायचं. 'मला काही विशेष बघायचं नाहीच,' असं मी म्हटलं तेव्हा मला माणेक चौक बघायचा होता. ही माया. आणि मी थांबते म्हटल्यावर सगळ्यांनी मनात म्हणावं की ही बाई किती करते, ही माझी इच्छा होती. हे निदान. दोन काटे आत ठेवून मी व्रतस्थ बाईचा चेहरा केला होता.

आपण पर्युषणात मीठ सोडतो तेव्हा शेजारणीला आळणी खावं लागत नाही. सोडणं आपलं, सोसणंही आपलं. घरातल्या या त्यागाचं तसं नसतं. सोडते एक, आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी भरतं. त्या दिवशी ती नातीनं भरली. पण ही गोष्ट किती लांबपर्यंत जाते ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुपारी सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही बसले. म्हटलं, "आई, काल मी खोटं बोलले. मला यायचंय. मला रात्रीचा माणेक चौक बघायचाय." त्या हसल्या. "अगं मग जा की." मी म्हटलं, "तुम्ही खरं सांगा. तुम्हाला खरंच नाही यायचं?"

बराच वेळ नुसता शेंगांचा आवाज. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या वहीत गोमतीपूर कुठंय?"

सासूबाईंचं माहेर अहमदाबादचं हे मला माहीत होतं. वडील मूळचे इचलकरंजीकडचे, गिरणीत विणाई खात्यात कामाला आले आणि तिथंच राहिले. गोमतीपूरच्या बाजूला चाळीत दोन खोल्या. याच्यापलीकडे त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि पस्तीस वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं. मी अटी मात्र त्यांच्या वतीनं धडाधड वाचल्या होत्या. साडेपाचचं जेवण, गाळलेलं पाणी, जिने नकोत. त्यांना काय नको याची अख्खी यादी मला पाठ होती. काय हवं, हा प्रश्नच त्यांना घरात कुणी घातला नव्हता.

"आमच्याकडं घड्याळ नव्हतं," त्या म्हणाल्या. "भुंगळू होतं." गिरणीच्या भोंग्याला त्या अजून भुंगळूच म्हणतात. "पहिलं वाजलं की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा चपला घालायचे." वडिलांच्या मागे भाऊ त्याच गिरणीत लागला. मग पंच्याऐंशीच्या सुमारास गिरणी बंद झाली. हिशेबाचे पैसे अडकले. भावाची मुलगी तेव्हा नर्सिंगला होती. भावानं बहिणीला पोस्टकार्ड टाकलं, फीसाठी तीन हजार मिळतील का, वर्षभरात फेडतो.

"मी ह्यांना सांगितलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "इथं नुकतं घर बांधलेलं, नणंदेचं लग्न तोंडावर. म्हटलं, आपल्या माहेरचं ओझं यांच्यावर कशाला? आपण आपल्या मनाला मुरड घालू. आणि भावाला कळवलं, जमणार नाही म्हणून. दोन दिवस मी जेवले नाही. मला वाटलं, मी केवढं सोसलं." मग थांबून म्हणाल्या, "मुलीनं शिक्षण सोडलं. घरी शिलाईचं काम घ्यायला लागली. पुढं पाचेक वर्षांनी हे मी तुझ्या सासऱ्यांना बोलून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, मला विचारलं असतंस तर."

भाऊ जाऊन वीस वर्षं झाली. ती मुलगी, म्हणजे सासूबाईंची भाची, आता पंचावन्नच्या पुढे, बापूनगरला राहते. सासूबाई तिच्या दारात कधी गेल्या नव्हत्या. अहमदाबादचं नाव निघालं की गुडघे दुखायचे ते याच्यासाठी.

मला त्यांना समजावायला हवं होतं, की तुमचा काय दोष, तेव्हाचा काळच तसा होता. तोंडावर आलं होतं, पण बोलले नाही, कारण ते पुरतं खरं नव्हतं. काळ तसा होता हे खरंच. सुनेनं माहेरसाठी पैसे मागणं म्हणजे मान खाली घालणं. पण त्या दिवशी त्यांनी जे सोडलं ते त्यांचं नव्हतंच. भाचीचं शिक्षण त्यांनी सोडलं, आणि सासऱ्यांना चांगलं वागण्याची एक संधी होती, तीही परस्पर सोडून दिली. न मागणं हा मोठा गुण आहे असं आपण मुलींना शिकवतो. स्वतःसाठी न मागणं हा गुण असेलही. पण ज्याच्यासाठी मागायचं तो दुसरा असेल, तर आपला अबोला म्हणजे त्याच्या तोंडावर ठेवलेला हात होतो.

इथं एक शंका रास्त आहे, आणि माझ्या नणंदेनं ती बोलूनही दाखवली. "वहिनी, प्रत्येकानं आपलंच घोडं पुढं दामटलं तर घर चालेल का? कुणीतरी सोडावंच लागतं." बरोबर आहे. सोडणं बंद करा असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. आधी मागणी सांगावी, सगळ्यांच्या समोर, लाज न धरता. मग ऐकावं. मग ज्याला जे सोडता येईल ते त्यानं सोडावं. न सांगता सोडलेलं असतं त्याला वजन नसतं, पण त्याचा भार सगळ्यांना होतो. काय सोडलं हेच कुणाला ठाऊक नसतं, नुसता उपकार तेवढा डोक्यावर बसतो. अनेकान्ताबद्दल आपण व्याख्यानं ऐकतो, की प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश असतो. पण माणसानं म्हणणं मांडलंच नाही, तर त्यातला अंश शोधायचा कुणी?

त्या संपाच्या दिवसांतही अंबालाल आश्रमात जेवायला येत आणि अनसूयाबेन त्यांना वाढत, असं वाचायला मिळतं. मला ही गोष्ट उपासाहून मोठी वाटते. बहीण भावाला तोंडावर सांगत होती की तुझं चुकतंय, आणि त्याच्या ताटात पोळीही वाढत होती. तिनं भावासाठी आपलं म्हणणं सोडलं नाही आणि म्हणण्यासाठी भाऊ सोडला नाही. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून गप्प बसणं, यालाच आपण प्रेम समजत आलो.

रात्री पुन्हा सगळे टेबलाशी बसलो. या वेळी मी अट घातली, दुसऱ्याच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. ज्याचं त्यानं सांगायचं. सासूबाईंनी गोमतीपूर आणि बापूनगर सांगितलं. मी माणेक चौक सांगितला, तेव्हा ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. सून म्हणाली, हवेलीत राहणं तिला सोडता येईल, पण म्युझियम नाही. मुलगा म्हणाला, हेरिटेज वॉक तो एकटा पहाटे उठूनही करेल, त्याला सोबत नको आहे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

दोन दिवसांत तरी हे सगळं बसेना. तेव्हा मी त्यांना १९१८ ची तडजोड सांगितली. लवादाचा निकाल येईपर्यंत पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे मजुरांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांची राहिली. तिसऱ्या दिवसापासून मधोमध, साडेसत्तावीस. पुढे आनंदशंकर ध्रुव यांनी लवाद म्हणून निकाल दिला तो पस्तीसचाच. ऐकून मुलगा हसला, पण आमची वही त्याच हिशेबानं भरली. शनिवारची सकाळ पूर्ण सासूबाईंची, बाकीच्यांनी मागे चालायचं. रविवारची सकाळ तरुणांची. आणि शनिवारची दुपार-संध्याकाळ मधोमध. साडेपाचला जेवण सगळ्यांनी एकत्र, चौविहाराच्या वेळेत. त्यानंतर ज्याला रात्री बाहेर पडायचं त्यानं पडायचं. लिफ्ट असलेलं साधं हॉटेल घेतलं, मंदिर रिक्षानं पाच मिनिटांवर.

सहलीचं वर्णन फार करत नाही. गिरणी होती तिथं आता उंच इमारती आहेत. मागे एक चिमणी तेवढी उभी आहे. सासूबाई गाडीतून उतरल्या, काठी टेकून भिंतीच्या कडेनं चालल्या आणि एका जागी थांबून म्हणाल्या, "इथं फाटक होतं." पहारेकरी पोरगेलासा, त्याला गिरणी होती हेच माहीत नव्हतं. नातीनं विचारलं भुंगळू कसं वाजायचं, तर ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं भर रस्त्यात तोंडाशी हात नेऊन ते वाजवून दाखवलं.

बापूनगरला भाचीनं चहा केला. सासूबाईंसाठी पाणी गाळून, उकळून आधीच ठेवलं होतं. घरात दोन शिलाई मशिनं. गिरण्या गेल्यावर त्या भागातल्या कितीतरी बायकांनी घरं अशी मशिनांवर चालवली. घरबसल्या काम करणाऱ्या आणि फेरीवाल्या बायकांच्या हक्कांसाठी इला भट्टांची सेवा संस्था १९७२ मध्ये मजूर महाजनाच्या महिला विभागातूनच निघाली, आणि ते मजूर महाजन अनसूयाबेनच्या कामातून उभं राहिलेलं, हे सून मला हळू आवाजात सांगत होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबाचं कार्ड आलं होतं. मी घरात कुणाला दाखवलं नाही. पैसे मिळाले असते." कुणी काही बोललं नाही. भाचीनं कप उचलले. आतून येऊन म्हणाली, "आत्या, बाबा म्हणायचे तिच्याकडं नसतील. मी म्हणायचे, असतील, दिले नाहीत." आणि मग, "तेव्हा आला असतात तर बरं झालं असतं." एवढंच. क्षमा वगैरे काही झालं नाही. पण निघताना तिनं सासूबाईंचा हात धरून त्यांना दोन पायऱ्या उतरवल्या आणि म्हणाली, पुढच्या वेळी जेवायलाच या, पाचला स्वयंपाक तयार ठेवते.

दुपारी हठीसिंग मंदिरात गेलो. देऊळ श्वेतांबर, आम्ही दिगंबर, पण सासूबाईंनी धर्मनाथ भगवंतांपुढे हात जोडले आणि बराच वेळ बसून राहिल्या. शेठ हठीसिंगांनी हे काम हाती घेतलं आणि ते वारले. मग त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी ते पुरं केलं, १८४८ मध्ये. भोवतीनं बावन्न देवकुलिका. एवढं संगमरवर, एवढे कारागीर, एवढा पैसा, आणि तो काळ बाईनं चारचौघांत बोलायचाही नव्हता. त्या बाईनं किती जणांना, किती वेळा, 'मला हे हवंय, असंच हवंय' म्हणून सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनात आला. ती 'राहू दे' म्हणाली असती तर आज आम्ही कुठं बसलो असतो?

साडेपाचला सगळे जेवलो. आठ वाजता मी, सून आणि नात माणेक चौकात गेलो. नियम सासूबाईंचा आहे, माझा फक्त पर्वातला. ते त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी कधी बोल लावलेला नाही. मी कंदमूळ नसलेला एक डोसा मागितला, गर्दीत उभी राहून खाल्ला. सासूबाईंपाशी त्यांचा नातू थांबला. तो त्याग करून थांबलेला नव्हता, दिवसभर चालून दमला होता आणि त्यानं तसं सरळ सांगितलं होतं. त्यामुळे मला खाताना घास अडकला नाही.

भाचीचं गेलेलं शिक्षण काही परत आलं नाही, ते येणारही नाही. त्याचं काय करायचं हे सासूबाईंना अजून सुचलेलं नाही आणि मलाही. पण परवा ह्यांनी उन्हाळ्यात माथेरानला जाऊ म्हणून विषय काढला, तेव्हा सासूबाई पानावरून म्हणाल्या, "मी नाही येत." आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. त्यांनी घास संपवला आणि म्हणाल्या, "खरंच नाही यायचं. मला तिथं माकडं आवडत नाहीत. तुम्ही गेलात की मी चार दिवस बापूनगरला राहीन म्हणते. मला सोडायला कोण येतंय?"